छोटी आगगाडी आणि तयार माल

खऱ्या रेल्वेची हुबेहूब, परंतु एका खोलीत मावेल एवढी प्रतिकृती उभारून तीवर वेळापत्रकाप्रमाणे गाड्या चालविण्याचा जो छंद युरोप, अमेरिका आणि जपान येथे कित्येक पिढ्या रुजलेला आहे, त्याच्या जुन्या उपासकांची अलीकडे एक ठरावीक कैफियत ऐकू येते. पूर्वी इंजिन घडवावे लागे, आता ते विकत मिळते; पूर्वी झाड तारेचे आणि वाळल्या शेवाळाचे करावे लागे, आता ते पुडक्यातून निघते; घरे, पूल, डोंगर, इतकेच काय, पण वाघिणीच्या अंगावरचा गंजसुद्धा कारखान्यातूनच लागून येतो; तेव्हा यात छंद कोणता आणि निव्वळ गिऱ्हाइकी कोणती हा भेद उरला नाही, असे त्या कैफियतीचे सार आहे. प्रतिपक्षाचे उत्तरही तितकेच ठरीव असून ते असे की, ज्याला इंजिन घडवायचे असेल त्याचे हात कोणी बांधून ठेवलेले नाहीत, आणि ज्याला रेल्वे चालवायची आहे त्याने आयुष्याची उमेदीची वर्षे कानस घासण्यात का दवडावीत? दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, आणि दोन्ही म्हणणी मूळ मुद्द्याला बगल देतात. तयार माल हाताचे काम किती हिरावून घेतो याची मोजदाद कितीही केली तरी तंटा मिटत नाही. तयार माल छांदिष्टाच्या वतीने कोणकोणते निर्णय परस्पर घेऊन टाकतो, हे पाहिले म्हणजे मात्र गेल्या शतकभरातील पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

पहिली गंमत अशी की, तयार माल हा या छंदात मागाहून घुसलेला उपटसुंभ नसून तो मूळचा घरधनी आहे. जर्मनीतील ग्योपिंगन गावच्या मेर्क्लिन कारखान्याने, जो तोवर बाहुल्यांच्या स्वयंपाकघरातील पत्र्याची भांडी करून विकत असे, १८९१ साली लायप्झिगच्या जत्रेत इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या वळणाच्या रुळांवर किल्लीची आगगाडी मांडली, आणि तीबरोबरच रुळांच्या रुंदीची ठरावीक मापेही बाजारात आणली. त्यातील व्यापारी हिकमत भातुकलीचीच होती. एकदा चूल घेतली की पुढे प्रतिवर्षी एकेक भांडे घ्यावे लागते, तद्वत एकदा इंजिन घेतले की डबे, सांधे, स्थानक, सिग्नल अशी मागणी आपोआप वाढत जाते. न्यूयॉर्कच्या जोशुआ लायोनेल काउएनने नव्या शतकाच्या आरंभी विजेची गाडी काढली, लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्न्बीने १९२० साली किल्लीची. आणि ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात शिंदे महाराजांच्या मेजावरून पाहुण्यांपुढे मद्य आणि सिगार फिरविणारी जी चांदीची आगगाडी आहे, जिच्यावरील सुरई उचलताच ती थांबते आणि परत ठेवताच पुढे निघते, तीही याच तयार, किंबहुना फर्माइशी, मालाच्या घराण्यातली. हाताने घडविण्याचे व्रत हे या सर्वांनंतरचे. १९३०नंतरच्या मंदीत अमेरिकेतील प्रौढ मंडळींनी खेळण्यापासून फारकत घेण्याचे ठरविले, जानेवारी १९३४मध्ये मिलवॉकी येथून अल काल्मबाख याने ‘मॉडेल रेलरोडर’ हे मासिक सुरू केले, आणि पुढच्याच वर्षी त्याच शहरी ‘नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन’ स्थापन झाली. या संस्थेचे पहिले महत्त्वाचे काम कारागिरीची थोरवी गाण्याचे नव्हते. चाकाची कड किती जाड असावी, दोन रुळांत अंतर किती असावे, हे ठरवून देण्याचे होते, म्हणजे एकाचा डबा दुसऱ्याच्या रुळांवर घसरल्यावाचून चालावा. ज्या प्रमाणांमुळे पुढे तयार मालाची बाजारपेठ उभी राहू शकली, ती प्रमाणे स्वहस्ते घडविणाऱ्यांनीच लिहून ठेवली, हे त्या कैफियतीत सहसा येत नाही.

त्या कार्यशाळेच्या युगाचे स्वरूप कळण्यासाठी केवळ रुळांचे उदाहरण पुरेसे आहे. आज सर्वाधिक प्रचलित असलेल्या, प्रत्यक्षाच्या १:८७ या प्रमाणात, ज्याला एचओ म्हणतात, एक मीटर लोहमार्ग हाताने घालायचा तर सुमारे दीडशे लाकडी स्लीपर कापून, सरसाने चिकटवून, वरून पॉलिश कागदाने एका पातळीत आणून, काळपट रंगवून मग त्यांमध्ये बारीक खडी पसरावी लागे. त्यावर पहिला रूळ डोळ्यांनी सरळ धरून चिमट्याने खिळे दाबीत जावे, आणि दुसरा रूळ मापपट्टी लावलावून त्याच्याशी समांतर ठेवावा. दर चारपाच स्लीपरांमागे दोन्ही रुळांच्या दोन्ही बाजूंस खिळा म्हटले तरी मीटरभरात दीडशेच्या घरात खिळे होतात, आणि त्यांतला एखादा स्लीपर चिरून आडवा गेला की मागचे चार काढावे लागतात. सांधा म्हणजे तर कसोटीच. त्याची जीभ कानशीने इतकी पातळ आणावी लागते की, रुळाला टेकली असता नखाला कडा जाणवू नये, आणि क्रॉसिंगच्या टोकाशी डाख देताना उष्णता जरा अधिक झाली तर शेजारचे स्लीपर करपून जाग्यावरून सुटतात. हे काम ज्यांनी मनापासून केले त्यांना त्याचा अभिमान वाटावा हे रास्तच आहे. परंतु न्यू जर्सीच्या ॲटलस कंपनीने तीन फुटी लवचीक रूळ बाजारात आणताच बहुसंख्यांनी खिळ्यांचा चिमटा बिनबोभाट खाली ठेवला, हेही तितकेच खरे.

या सोयीबरोबर काय आले ते पाहावे. त्या तयार रुळाची उंची बरीच वर्षे एक इंचाचा दहावा भाग एवढी असे. ती सत्त्याऐंशी पटींनी वाढविली तर जवळजवळ पावणेनऊ इंच भरते, आणि पेनसिल्व्हेनिया रेलरोडसारख्या अवजड वाहतुकीच्या कंपनीचा भारीतला भारी रूळही आठ इंचांच्या आसपासच होता. म्हणजे ज्या छोट्या रेल्वेत खेड्यातील एखादी गवताळ उपशाखा दाखवायची, तिच्यावरही जगात कोठे नसलेला अजस्र रूळ पडू लागला. खेळण्यांच्या चाकांची कड खोल असल्यामुळे रूळ उंच ठेवणे कारखानदाराला भाग होते. खोल कडेचा तो निर्णय खेळण्याच्या काळातला. पण प्रौढांच्या छंदाने तो वारसाहक्काने स्वीकारला आणि पुढे पुरी एक पिढी त्याकडे कोणी पाहिलेही नाही. बारीक रुळांचा तयार माल पुढे आलाच, आणि आता तर कॅनडातील फास्ट ट्रॅक्ससारखी कंपनी सांधे हाताने घडविणाऱ्यांसाठी रूळ नेमके बसतील अशा खाचा पाडलेला धातूचा साचाच विकते, तेव्हा हाताच्या कामासही तयार मालाचे साहाय्य घ्यावे अशी ही मोठी नमुनेदार परिस्थिती आहे.

इंग्लंडात हाच प्रकार अधिक ठळकपणे, आणि म्हटले तर अधिक करुणपणे, घडला. ब्रिटिश इंजिने अंगाने लहान असल्यामुळे १:८७च्या प्रमाणात त्यांच्या पोटात त्या काळच्या विजेच्या मोटारी मावत नसत. म्हणून कारखानदारांनी इंजिनाचे अंग तेवढे वाढवून एका फुटास चार मिलिमीटर, म्हणजे सुमारे १:७६, असे केले, परंतु खालचे रूळ मात्र पूर्वीचेच, साडेसोळा मिलिमीटर रुंदीचे, राहू दिले. १९३८ साली निघालेल्या हॉर्न्बी डब्लो गाड्यांनी हे लग्न कायमचे लावून दिले. हिशेब केला असता त्या गाड्या चार फूट साडेआठ इंचांच्या नव्हे, तर चार फूट दीड इंचाच्या रेल्वेवरून धावतात. समोरून पाहिले असता इंजिन अरुंद पाटावर मांडी घालून बसलेल्या स्थूल गृहस्थासारखे दिसते. याचा उपाय म्हणून काही निष्ठावंतांनी १८.८३ मिलिमीटरचे शुद्ध माप स्वीकारले, त्यासाठी संस्था काढल्या, चाके आणि आस बदलण्याची विद्या वाढविली. त्यांचे काम पाहून मान तुकवावीशी वाटते. परंतु संख्येने ते मूठभरच राहिले, कारण दुकानात मिळणारे प्रत्येक इंजिन आणि रुळाचा प्रत्येक तुकडा साडेसोळा मिलिमीटरचा होता. आणि मोटारी नखाएवढ्या झाल्या, मूळची अडचण कधीचीच नाहीशी झाली, तरी ते माप जागचे हलले नाही. तयार मालाच्या हुकमतीचे याहून स्वच्छ उदाहरण या छंदाच्या इतिहासात दुसरे नाही.

अमेरिकेत याच्या उलट अंगाची एक व्यवस्था युद्धोत्तर काळात निर्माण झाली आणि ती सुमारे पन्नास वर्षे टिकली. कॅलिफोर्नियातील अर्व्हिन ॲथर्न याच्या कारखान्यातून निळ्या कागदी पेटीत जो संच मिळे, त्यात साच्यातून काढलेले प्लॅस्टिकचे डब्याचे अंग, तळपट, वजनासाठी पोलादी पट्टी, दोन चाकगाडे, डबे जोडणाऱ्या दोन कड्या आणि मोजके स्क्रू एवढेच असे. पेटी कानाशी धरून हलविली की आतला डबा आपोआप जुळतो, अशी त्याची थट्टा होई. १९७०च्या आसपास त्याची किंमत दोनतीन डॉलर होती, म्हणजे वर्तमानपत्रे टाकणाऱ्या मुलालाही आठवड्याच्या कमाईत एखादा घेता येई. जुळणी अर्ध्या तासाची. त्यात कडीवर बसविण्याचे पत्र्याचे झाकण एकदा तरी उडून कपाटाखाली जाई, तो वेळ वेगळा धरावा. पण खरे शिक्षण त्यानंतर सुरू होत असे. संचातील कडी ओबडधोबड असे, म्हणून प्रथम ती काढून ऑरेगनच्या केडी कंपनीची, लोहचुंबकाने सुटणारी कडी बसवायची. मग प्लॅस्टिकच्या चाकांऐवजी धातूची. मग अंगावर साच्यातच उमटलेली शिडी छिन्नीने तासून तेथे बारीक तारेची बसवायची. मग दोन डब्यांची अंगे करवतीने कापून त्यांतून तिसराच, कोणत्याही फेरिस्तीत नसलेला, डबा निर्माण करायचा. बाराव्या वर्षी पेटी हलविणारा मुलगा तिशीत पितळी पत्र्यातून इंजिन कापू लागे तो या पायऱ्यांनी.

ही निळी पेटी या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस बंद झाली. असे संच काढणारा एखाददुसरा लहान कारखानदार अजून आहे, परंतु सर्वसाधारण दुकानातून ती जात जवळजवळ नाहीशी झाली आहे, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते तयार मालाने केलेली खरी हानी ती हीच. मुळापासून सारे हाताने घडविणारे लोक पूर्वीही थोडेच होते आणि आजही तितपतच आहेत. कोणताही कारखाना त्यांचे काही बिघडवू शकत नाही. गेला तो मधला जिना. आज नवशिक्यापुढे दोनच वाटा असतात. पेटी उघडून रुळांवर ठेवावी असे परिपूर्ण इंजिन घ्यावे, अथवा एकदम पत्रा, करवत आणि डाखणी हाती घ्यावी. आणि तीनशे डॉलरांच्या पुढे किंमत मोजून घेतलेल्या इंजिनावर करवत चालविण्याचे धाडस शहाण्या माणसाला होत नाही.

हे परिपूर्ण इंजिन आले कोठून? युद्धानंतर जपानमध्ये लहान लहान कारखान्यांतून पितळेची इंजिने हाताने डाखून होऊ लागली, ती अमेरिकन आयातदारांनी मागविली, पुढे हा धंदा कोरियात सरकला. त्या इंजिनांना रंगही नसे, तो घेणाऱ्याने द्यायचा, आणि पुष्कळांनी तो कधी दिलाच नाही, कारण न रंगविलेल्या पितळेला पुनर्विक्रीत भाव चांगला येई. ती तालेवारांची चैन होती. १९९०च्या दशकात अमेरिकन व ब्रिटिश कंपन्यांनी आपले उत्पादन दक्षिण चीनमध्ये नेले, हॉर्न्बीनेही केंटमधील मार्गेट येथील कारखान्यातून ते हलविले, आणि पितळी इंजिनावर असे तितकेच काम प्लॅस्टिकच्या इंजिनावर होऊ लागले. आजचे तसे एखादे इंजिन पेटीतून काढावयाचे म्हणजे प्रथम वेष्टनातील स्पंजाच्या पाळण्यातून ते दोन्ही हातांनी, टाकी व छत एवढेच धरून, उचलावे लागते. कारण बाजूचे कठडे, वाफेच्या नळ्या, पायऱ्या, छतावरची शिंगे, खिडकीचे पुसणीदांडे हे सर्व स्वतंत्रपणे बसविलेले आणि काडीहून बारीक असतात. इंजिनाच्या बगलेवर जी सूचना छापलेली असते ती भिंगाखाली अक्षरशः वाचता येते. अशा इंजिनाला जे शेकडो सुटे भाग असतात ते यंत्र बसवीत नाही. मेजापाशी ओळीने बसलेल्या कामगार स्त्रीपुरुषांनी चिमट्याने एकेक उचलून बसविलेले असतात. हाताचे काम या छंदातून गेले असे म्हणणाऱ्याने हे मेज डोळ्यांपुढे आणावे. मिलवॉकीच्या तळघरातील हौशी हाताचे काम दक्षिण चीनमधील रोजंदारीच्या हाताकडे गेले, आणि तिकडची मजुरी जोवर स्वस्त होती तोवर हा सौदा कोणाला जाणवलाही नाही.

आता तो जाणवू लागला आहे. तिकडची मजुरी वाढली; २००८च्या सुमारास सांडा कान नावाचा फार मोठा कारखाना छोट्या गाड्या विकणाऱ्या बाखमन कंपनीची मालक असलेल्या हाँगकाँगच्या केडर कंपनीकडे गेला, तेव्हा त्याच्यावर विसंबून असलेल्या इतर कंपन्यांची, त्यांत हॉर्न्बीचीही, मोठी तारांबळ झाली; एप्रिल २०२५मध्ये अमेरिकेने चिनी मालावरील जकात १४५ टक्क्यांपर्यंत चढविली आणि मे महिन्यात पुन्हा खाली आणली, तेव्हा ज्या इंजिनांची किंमत वर्षभरापूर्वी जाहीर होऊन नोंदणी झाली होती त्यांचे करायचे काय, हा प्रश्न एकेका लहान कंपनीच्या जीवनमरणाचा झाला. यावर उपाय म्हणून जो शिरस्ता पडला आहे तो आगाऊ नोंदणीचा. कंपनी एखाद्या इंजिनाची घोषणा करते, मुदतीत जितक्या मागण्या येतील त्यांच्या अंदाजाने माल एकदाच काढते, आणि तो संपला की संपला. परिणामी छांदिष्ट दुकानात जाऊन निवड करीत नाही; दोन वर्षांनंतर आपल्याला काय हवे असेल याचा अंदाज बांधून नाव नोंदवितो, आणि चुकला तर जुन्या बाजारात दीडपट मोजतो. पुष्कळांच्या कपाटांत जी न उघडलेल्या पेट्यांची चळत दिसते, ती निव्वळ हावरेपणाची नव्हे; पुन्हा मिळणार नाही या धास्तीचीही आहे. एखाद्या काल्पनिक रेल्वेवर कोणत्या वर्षी कोणते इंजिन धावावे हे तिच्या मालकाने ठरवावे अशी अपेक्षा. प्रत्यक्षात ते या नोंदणीच्या पंचांगावरून ठरते.

तथापि तयार मालाची दुसरी बाजू मांडल्याशिवाय हा आढावा एकांगी होईल, आणि ती बाजू लहान नाही. ओहायोतील ॲलन मॅक्लेलंड याने आपल्या ‘व्हर्जिनियन अँड ओहायो’ या काल्पनिक रेल्वेच्या द्वारे असा विचार मांडला की, प्रत्येक डबा निर्दोष करण्याच्या नादात रेल्वे कधीच पुरी होत नाही. डबे थोड्या अंतरावरून शोभतील इतके केले तरी पुरे, लक्ष द्यायचे ते संपूर्ण रेल्वेच्या चलनवलनाकडे. म्हणजे वाघिणीवर कोणता माल, तो कोठून निघाला, कोणत्या स्थानकी ती तोडायची, समोरून येणाऱ्या मेलसाठी मालगाडी कोणत्या बाजूच्या मार्गावर उभी करायची. या पद्धतीत पाचसात मित्र संध्याकाळी जमतात, कोणी गाडीचा चालक, कोणी यार्डमास्तर, कोणी नियंत्रक होतो, आणि प्रत्येक वाघिणीची चिठ्ठी हातोहात फिरते. रेल्वेच्या दप्तराची ही सगळी व्यवस्था ज्यांना रुक्ष वाटते त्यांनी एकदा तरी मालगाडी वेळेवर सोडण्याची जबाबदारी घेऊन पाहावी. असा खेळ खेळण्यासाठी न अडखळता चालणारी बरीच इंजिने आणि डब्यांचा मोठा ताफा लागतो, आणि तो एका आयुष्यात हाताने घडत नाही. प्रत्येक इंजिनाला स्वतंत्र आज्ञा देणारी अंकीय नियंत्रणपद्धती, जी जर्मनीच्या लेन्झ कंपनीच्या पायावर अमेरिकन संस्थेने १९९०च्या दशकात प्रमाणित केली, तिचा ग्राहक तुकडा आता इंजिनातच बसवून मिळतो. मेजाखाली वायरींचे जे जंजाळ आणि त्यासाठी लागणाऱ्या खटक्यांच्या ओळी पूर्वी असत, त्यांच्या आठवणीने कोणी अश्रू ढाळताना प्रस्तुत लेखकाने पाहिलेले नाही. ज्यांची दृष्टी मंदावली आहे, बोटे थरथरतात, अशा वृद्धांची संख्या या छंदात मोठी आहे. तयार माल नसता तर त्यांनी केव्हाच सांगता केली असती.

जपानमध्ये तर छंदाचे सारे रूपच तयार मालावर उभे आहे. घरे लहान, म्हणून प्रमाण १:१५०चे. कातो आणि टोमिक्स या कंपन्यांचे खडीसह एकमेकांत अडकणारे रूळ जेवणाच्या मेजावर मांडावेत आणि रात्री पेटीत भरावेत. आणि ज्याला एवढीही जागा नाही त्याने आपली गाडी पिशवीत घालून दुकानी जावे, तेथे तासाच्या भाड्याने मोठी रेल्वे वापरावी आणि आपली गाडी घेऊन घरी परतावे. यात हस्तकौशल्य जवळजवळ शून्य आहे, पण गाड्यांचे ज्ञान पाहू गेल्यास, कोणत्या मार्गावरील कोणत्या काळच्या डब्यांचा क्रम कसा होता याबद्दल तो भाडेकरू ज्या अधिकाराने बोलतो, त्यापुढे पुष्कळ कानसवाल्यांनी गप्प बसावे.

देखाव्याच्या बाबतीत मराठी वाचकाला फार लांब जावयास नको. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करणाऱ्या मुलांनी शिवाजी महाराज आणि मावळे नेहमीच बाजारातून आणले, आणि त्यामुळे किल्ला आपला नव्हे असे कोणास वाटले नाही. आता बाजारात प्लॅस्टरचा आयता किल्लाच मिळतो, तो फरशीवर ठेवून भोवती तेच मावळे मांडले तर मात्र वाटते. छोट्या रेल्वेतही सीमा साधारण इथेच आहे. कॅलिफोर्नियातील माँटेरे येथील जॉन ॲलन, ज्याने उभारलेले जमिनीपासून छतापर्यंतचे डोंगर आणि दऱ्या या छंदात जवळजवळ पुराणकथा होऊन बसले आहेत, आणि ज्याची रेल्वे जानेवारी १९७३मध्ये त्याच्या मृत्यूनंतर काही दिवसांतच आगीत जळून गेली, तो व्हार्नी कंपनीच्या तयार मालाच्या जाहिरातींसाठी छायाचित्रे काढून देत असे; विकतच्या इंजिनाने त्याच्या डोंगराला बाध आला नाही, कारण डोंगर कोठे वळावा हे त्याने ठरविले होते. वुडलँड सीनिक्सचा रंगीत स्पंजाचा चुरा, म्हणजे गवत व पालवी, आज जगभर वापरला जातो आणि त्याने देखावे निःसंशय सुधारले. मात्र वॉल्थर्स कंपनीच्या त्याच त्या तयार इमारती, नावाची पाटीसुद्धा न बदलता, दहा निरनिराळ्या रेल्वेंवर उभ्या दिसू लागल्या की पाहणाऱ्याला गावाऐवजी सूचीपत्र दिसते. त्रिमितीय छपाईच्या यंत्रांनी यातून एक पळवाट काढून दिली आहे. पाचपन्नास माणसांनाच हवी अशी वस्तू, जिच्यासाठी पोलादी साचा कापणे कोणालाही परवडणार नाही, ती आता घरी राळेतून छापता येते. फक्त कानस जाऊन तिच्या जागी संगणकावरचा आराखडा आला आहे, आणि हे नवे कौशल्य जुन्या इतकेच वेळखाऊ आहे, असे त्यातले लोक सांगतात.

राहता राहिला आपल्याकडील प्रश्न, आणि तो या सर्वांहून निराळा आहे. पुण्यात कोथरूड येथे भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेंचे संग्रहालय १९९८पासून लोकांना खुले आहे, आणि मुंबई, पुणे, बंगळूर अशा शहरांत हौशी लोकही आहेत. परंतु भारतीय रेल्वेची डब्ल्यूडीएम-२ सारखी, चार दशके देशभर धावलेली डिझेल इंजिने अथवा मुंबईची लोकल ही एखाद्या दुकानात जाऊन सहज उचलावी अशी वस्तू नाही. घाटातून मुंबई–पुणे गाड्या ओढणारे, रेल्वेतल्या लोकांनी ‘खेकडा’ म्हणून ओळखलेले १९२८ सालचे इंजिन आणि स्वित्झर्लंडचे जगप्रसिद्ध ‘क्रोकोडाइल’ हे एकाच घडणीचे, आणि पहिले काही खेकडे तर स्वित्झर्लंडच्याच विंटरटूर येथे बनलेले. त्यांपैकी क्रोकोडाइलच्या प्रतिकृती मेर्क्लिनने पिढ्यान्‌पिढ्या विकल्या, खेकडा ज्याला हवा त्याने तो स्वतः करावा. त्यासाठी परदेशी इंजिनाचा सांगाडा मागवावा तर खेळण्यांवरील आयात जकात, जिच्यात प्रमाणबद्ध प्रतिकृतीही मोडतात, ती २०२०मध्ये २० टक्क्यांवरून ६० आणि २०२३मध्ये ७० टक्क्यांवर गेली. देशी खेळण्यांच्या कारखान्यांस उत्तेजन हा तिचा हेतू. छांदिष्ट त्या जकातनाक्यावर केवळ वाटेत सापडला.

पण जकातीहून अवघड अडचण मापाची आहे. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, तो ८७ने भागला असता १९.२६ मिलिमीटर येतो, आणि जगभर मिळणारा तयार रूळ साडेसोळाचा आहे. त्यावर १:८७चा भारतीय डबा ठेवला तर खालची वाट प्रत्यक्षात चोवीस सेंटिमीटरांनी अरुंद होते, म्हणजे इंग्लंडच्या त्या गृहस्थाहूनही पाट लहान. तयार रूळच खरा मानायचा तर डबा सुमारे १:१०२ प्रमाणात करावा लागेल, ज्या प्रमाणात जगात घर, माणूस, झाड काहीही तयार मिळत नाही. शुद्ध १९.२६ स्वीकारायचा तर रूळ, सांधे, चाके सर्व स्वतः घडवावे लागतील. आज बहुतेक हौशी मंडळी पहिला मार्ग पत्करतात आणि ते समजण्यासारखे आहे, कारण हातात असलेला सांगाडा साडेसोळाचा आहे.

मात्र आज ती ज्याची त्याची खाजगी तडजोड आहे. प्रस्तुत लेखकाच्या माहितीप्रमाणे अजून कोणत्याही भारतीय कारखानदाराने परवडणाऱ्या किमतीत, मोठ्या संख्येने, भारतीय इंजिन आणि रूळ यांचा प्रमाणबद्ध संच बाजारात आणलेला नाही. ज्या दिवशी तो येईल त्या दिवशी त्याचे माप हेच माप होईल, आणि पुढे शुद्ध मापाचा आग्रह धरणाऱ्यांना लहानशी मंडळे काढून चाके बदलीत बसावे लागेल. मिलवॉकीच्या लोकांनी १९३५ साली संस्था काढली ती याच कामासाठी. रुळांची रुंदी, चाकाची कड, कडीची उंची आणि प्रमाण या चार बाबी आपल्याकडील हौशी मंडळींनी एकत्र बसून, वाद घालून, एका कागदावर लिहून काढाव्यात, आणि साडेसोळाच ठेवायचा असेल तर तोही तसे नमूद करून ठेवावा. हे काम साचा कापला जाण्यापूर्वी व्हावयास हवे, कारण त्यानंतर कारखानदाराला ते ऐकण्याचे कारण उरणार नाही.